यादीत नसलेला झोपाळा

ज्या झोपाळ्यावर बसून मी अख्ख्या घराच्या सामानाची यादी केली, तो झोपाळाच यादीत लिहायला विसरलो.

तेव्हापासून मी सर्व्हे, म्हणजे घरोघरी जाऊन सामानाची पाहणी, उभ्यानं करतो. बडोद्यात कारेलीबागेत, समात, कुठंही गेलो तरी घरातली माणसं "बेसो ने, भाई" म्हणतात, पाण्याचा पेला पुढे करतात, आणि मी दाराशी खांबासारखा उभा राहतो. लोकांना वाटतं, माणूस एकतर शिष्ट आहे नाहीतर मूळव्याधीचा आजारी. दोन्ही गैरसमज मी तसेच ठेवले आहेत. खरं कारण सांगायला हा दिवाळी अंक बरा. संपादकांनी "किती पानं होतील?" असं विचारलं आणि मी अंदाज दिला. माझे अंदाज कसे असतात, ते पुढे कळेलच.

माझा धंदा घरसामान हलवण्याचा. पाटीवर 'पॅकर्स अँड मूव्हर्स' लिहिलेलं असतं ना, तो. बाहेरच्या माणसाला वाटतं, ह्या लोकांकडे ट्रकांचा ताफा असेल, प्रत्येक शहरात गोदाम असेल. माझ्या कंपनीत एक टेबल आहे, दोन मोबाईल आहेत, रमणभाई नावाचा मुकादम आहे, त्याची चार माणसं आहेत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक डोंगर आहे. ट्रक भाड्याचा. परगावची माणसं परक्याची. त्या परक्याला आमच्यात एजंट म्हणतात.

म्हणजे असं, की तुम्ही बडोद्यात मला बुकिंग देता. माझी माणसं सामान बांधून गाडीत भरतात. गाडी भिवंडीला एका गोदामात जाते, तिथं तुमच्या कपाटाशेजारी आणखी दोघांची कपाटं चढतात. मग दुसरी गाडी पुण्याला जाते आणि तिथला एजंट आपली माणसं लावून तुमच्या घरी सामान उतरवतो. तुम्ही पाहिलेला चेहरा माझा एकट्याचा. पण तुमची गादी चार जणांच्या खांद्यावरून गेलेली असते आणि त्यातल्या तिघांना तुमचं आडनावही ठाऊक नसतं. असं असूनही बहुतेक वेळा सगळं नीट पोचतं. ह्याचं आश्चर्य मला अजून वाटतं, पण ते मी गिऱ्हाइकासमोर दाखवत नाही.

मग काही हरवलं, फुटलं, तर कोणाचं? ह्यावर सरकारी कायदे आहेत, ते वकिलांना विचारा. मी माझे स्वतःचे नियम केले होते आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापले होते. अक्षर इतकं बारीक, की एकदा मलाच वाचायला भिंग लागलं. त्यातले दोन माझ्या फार आवडीचे. पहिला : जे यादीत नाही, ते आमचं नाही. दुसरा : एजंटच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही.

हे नियम काही हुशारीतून आले नव्हते. प्रत्येकामागे माझा एकेक गाढवपणा उभा होता. समातल्या एका सद्‌गृहस्थांनी फोनवर "थोडुंकज सामान छे" असं सांगितलं, मी त्यावर विसंबून छोटा टेम्पो पाठवला आणि त्यांच्या गच्चीवर अठ्ठावीस कुंड्या, एक कुत्र्याचं घर आणि एक कुत्रा निघाला. तेव्हा 'फोनवर अंदाज देणार नाही' हा नियम आला. एका बाईंचा फ्रीज मी आत न बघता बांधला. तो जळगावला उघडला तेव्हा आतल्या इडलीच्या पिठानं फ्रीजचा ताबा घेतलेला होता. तेव्हा आणखी एक नियम आला. अशी माझी नियमावली वाढत गेली. तिची एक प्रत मी ऑफिसात फ्रेम करून लावली होती. माझी बायको तिला 'तुझं आत्मचरित्र' म्हणते.

तर, गुप्ते बाई.

कारेलीबागेत त्यांचं घर. मला चौथीत गणित शिकवायच्या. आता ऐंशी उलटलेल्या, पण आवाज अजून तोच. फोनवर "सुधीर" असं म्हणाल्या आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्यांचा मुलगा शिरीष कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याची मुलगी ऋतुजा पुण्यात असते, तिला सातवा महिना लागणार होता. एकुलती एक नात, त्यामुळे शिरीषनं तिच्याच सोसायटीत फ्लॅट घेतला आणि सगळं घर बडोद्याहून उठवायचं ठरवलं.

सर्व्हेला गेलो. बाईंनी बसायला दाखवली ती जागा म्हणजे झोपाळा. ज्यांनी बडोदं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : इथं झोपाळ्याशिवाय घर पुरं होत नाही. सागवानी पाट आणि चार पितळी साखळ्या. साखळीत कड्यांच्या मधेमधे राघू, हत्ती, मोर बसवलेले. पाहुणा आला की त्याला झोपाळ्यावर बसवायचं, हा इथला आदर. मी बसलो. चहा आला, बरोबर शेव आली. पायानं हलका झोका घेत मी लिहीत होतो आणि बाई खोल्याखोल्यांतून ओरडून सांगत होत्या.

"गोदरेजचं कपाट एक! लिहिलंस?"

"लिहिलं, बाई."

"शिवणयंत्र! जातं! जात्याचा खुंटा वेगळा आहे, तो हरवू नकोस!"

"नाही हरवत, बाई."

मग त्या बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी पाटावर बसल्या. साखळीवरून हात फिरवत म्हणाल्या, "माझं डोहाळजेवण ह्याच पाटावर झालं. सुनेचं ह्यावर झालं. आता ऋतुजाचं. पुढच्या रविवारी आहे. शिरीष म्हणतो, पुण्यात फुलांचा झोपाळा भाड्यानं मिळतो. मी म्हटलं, मग नातही भाड्यानं आण."

"काळजीच करू नका, बाई," मी म्हणालो. आणि वाकून लिहिलं : 'चपलांचा रॅक, एक.'

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जाताना मी पावतीची मागची बाजू दाखवून ऐटीत म्हणालो, "बाई, आमचं काम एकदम चोख असतं. यादीत नाही ते आमचं नाही. यादीत आहे ते जिवापाड."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चौथीत तू हातचा विसरायचास," म्हणाल्या. "आता नाही ना विसरत?"

बांधाबांधीच्या आधी सुनेनं बाईंना रेल्वेनं पुण्याला नेलं, धुळीचा त्रास नको म्हणून. मागं शिरीष एकटा. रमणभाईची माणसं आली, खोकी भरली, गाडी भरली. मी मध्ये एक चक्कर मारली. रमणभाई झोपाळ्यावर बसून दोरी कापत होता. दुपारी माणसांनी झोपाळ्यावर बसून चहा प्यायला. शिरीषनं झोपाळ्यावर बसूनच यादीवर सही केली. त्यानं पेन मागितलं, ते मी दिलं, मीही शेजारी बसलो होतो. आम्ही दोघांनी मिळून एक छानसा झोकासुद्धा घेतला. मग गाडी गेली, शिरीषनं दाराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या ज्योत्स्नाबेनना दिली, कारण घर रंगवून विकायचं होतं. आणि तो आपल्या गाडीनं पुण्याला गेला.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"सुधीर."

मी उभा राहिलो.

"सगळं उतरलं. जात्याचा खुंटासुद्धा आला. झोपाळा कुठं आहे?"

ह्या क्षणी माझ्या जागी कोणी शहाणा माणूस असता, तर त्यानं आपली यादी उघडली असती. मी धंद्यातला मुरलेला माणूस. माझ्या तोंडून, विचार करायच्या आधी, वाक्य बाहेर पडलं : "एजंटनं घोळ घातलेला दिसतो, बाई. मी बघतो त्याच्याकडे."

पुण्याचा माझा एजंट तावरे. त्याला फोन लावला आणि आवाज चढवला. आमच्या धंद्यात आवाज चढवणं हीसुद्धा एक पद्धत आहे. मी तावरेला झापायचं, तावरेनं भिवंडीच्या गोदामवाल्याला, गोदामवाल्यानं ड्रायव्हरला. खाली खाली जाता एखादा तरी असा माणूस सापडतो, ज्याला खरंच काहीतरी माहीत असतं.

"सुधीरशेठ, माझ्या गाडीत झोपाळा नव्हता," तावरे शांतपणे म्हणाला.

"पितळी साखळ्या आहेत, तावरे! कोणाच्या तरी डोळ्यांत भरल्या असणार!"

"शेठ, असं बोलू नका. माझी माणसं तसली नाहीत."

"मग हवेत विरला का?"

मी हे खरोखर म्हणालो. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

शुक्रवारी सकाळी भिवंडीहून निरोप आला : झोपाळा सापडला! मला धन्य वाटलं. माझी पद्धत लागू पडली होती. पाठोपाठ फोटो आला. त्यात वेताचा, अंड्याच्या आकाराचा एक झुला होता, आत गुलाबी उशी. कोणा तिसऱ्याच्याच घरचा. गोदामवाल्याला बिचाऱ्याला इतकं झापलं गेलं होतं, की कुठला तरी झोपाळा सापडलाच पाहिजे असं त्याला वाटलं असणार. मी तो फोटो बाईंना पुढे पाठवला आणि विचारलं, 'हाच का?'

बाईंनी उत्तर लिहिलं नाही. शिरीषचा फोन आला. "सुधीर, आईनं तो फोटो बघून फोन माझ्या हातात दिला आणि आतल्या खोलीत गेली. रविवार पुढे ढकला म्हणते. झोपाळा नाही तर कार्यक्रम नाही. ऋतुजा रडायला लागली. तिच्या सासरची माणसं साताऱ्याहून यायची आहेत, त्यांना काय सांगू? तू काहीतरी कर बाबा."

त्याच संध्याकाळी ज्योत्स्नाबेनचा फोन आला. ह्या बाई कधी घाईत नसतात. आधी केम छो झालं, माझ्या मुलाच्या नोकरीची चौकशी झाली, पुण्याच्या पाण्याविषयी शंका झाली. मग म्हणाल्या, "भाई, आ रंगवाळा आव्या छे. आखो दिवस हिंचका पर बेसीने बिडी पिये छे. हिंचको तमे लई जवाना के नहीं?"

हिंचको म्हणजे झोपाळा. मी स्कूटर काढली. दार उघडलं. रिकाम्या हॉलच्या मधोमध, चार पितळी साखळ्यांवर, उघड्या खिडकीच्या वाऱ्यानं झोपाळा सावकाश हलत होता.

बसायला घरात दुसरं काहीच नव्हतं. मी पुन्हा त्यावरच बसलो.

रमणभाईला बोलावलं. तो आला, झोपाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"रमणभाई, हा राहिला कसा?"

"लिस्टमां नहोतो, शेठ."

"दिसत नव्हता का तुला?"

"दिसतो होता ने. पण तमेज कह्युं छे, लिस्टमां नहीं ते आपणुं नहीं. फ्रेम पण करावी छे."

शिरीषला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "अरे, डोळ्यांसमोरच होता. पण तो सामान आहे असं वाटलंच नाही. भिंत कुठं सामान असते?" तेव्हा मला जरा धीर आला. निदान मूर्खांमध्ये मी एकटा नव्हतो. पण बाईंना खरं कोण सांगणार, ह्यावर आमचं एकमत झालं : मी.

तावरेला झापल्यासकट सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "त्या पुण्याच्या माणसाला चोर म्हणालास ना तू?"

"तसं स्पष्ट नाही म्हणालो, बाई."

"रविवारी सकाळी झोपाळा इथं पाहिजे," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इतरांच्या सामानाबरोबर, भिवंडीवरून जाणाऱ्या गाडीनं पाठवला असता, तर पाळण्याच्या वेळेलासुद्धा पोचला नसता. म्हणून शनिवारी पहाटे मी माझ्या जुन्या सात आसनी गाडीची मागची आसनं पाडली. पाट आत सरकवला. तो मागच्या दारापासून थेट गिअरच्या दांड्यापर्यंत आला. रमणभाई साखळ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन, मान एका बाजूला करून, पाटाखालच्या उरलेल्या जागेत बसला. सबंध वाटेत, गाडीनं आचका खाल्ला की गाठोड्यातून हत्ती-राघू खणखणत आणि तो म्हणे, "आ लिस्टमां लखी लेजो, शेठ." टोलनाक्यावरच्या मुलानं विचारलं, आत काय आहे? रमणभाई म्हणाला, शेठचं प्रायश्चित्त. इतकं शुद्ध मराठी त्याच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला पुण्यात पोचलो. सहावा मजला. पाट लिफ्टमध्ये मावेना, जिन्यानं चढवला. दार बाईंनीच उघडलं. पाटाला हात लावला, साखळीतला मोर बोटांनी चाचपला आणि मला म्हणाल्या, "ये. पाणी पी." बस, मला वाटलं, जिंकलो. आता टांगला की झालं.

मी वर पाहिलं.

बडोद्यात घर बांधताना, स्लॅब भरतानाच हॉलमध्ये झोपाळ्यासाठी कड्या सोडतात. बिल्डर कितीही चोर असो, कड्या देतो. कड्यांशिवाय छत असू शकतं, हे आम्हां बडोदेकरांच्या स्वप्नातही येत नाही. पुण्याच्या त्या हॉलमध्ये वर पांढरं शुभ्र, नक्षीदार, प्लास्टरचं खोटं छत होतं. त्यात चंद्रासारखे बारके दिवे होते. आणि सोसायटीचा नियम होता : शनिवार-रविवार भिंतीला, छताला भोक पाडायचं नाही. नियम करणारी माणसं सगळीकडेच असतात.

"वर काय बघतोस?" बाई म्हणाल्या. "देव तिकडे नाही."

उतरायच्या घराचंही छत बघायचं असतं, हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. शिरीष पुटपुटला, "भाड्याचाच आणू या का?" पाट भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याच्याकडे बाई बघत राहिल्या. त्यांनी रागावायला हवं होतं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बाईंना गप्प बसलेलं मी चौथीतही पाहिलं नव्हतं.

गॅलरीत गेलो आणि ज्याला फोन करायला तोंड नव्हतं, त्यालाच केला.

"तावरे, झोपाळा सापडला."

"कुठं?"

"बडोद्यात. जागच्या जागी."

पलीकडे हसू आलं असतं तर चाललं असतं. आलं नाही.

"तावरे, चूक माझी होती. मी बोललो ते... वाईट बोललो. आणि आता अडचण आहे." सगळं सांगितलं.

"सुधीरशेठ," तो म्हणाला, "तुमच्या पावतीमागं काय छापलंय? एजंटच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही. खरं की नाही?"

"खरं."

"मग कंपनीच्या चुकीला एजंट कशाला जबाबदार राहील?"

एवढं सांगतो, की त्या पावत्यांचा उरलेला गठ्ठा मी नंतर रद्दीत घातला. आता पावतीवर, पुढच्या बाजूला, ठळक छापलं आहे : बुकिंग ज्यानं घेतलं, जबाबदारी त्याची, मध्ये कितीही एजंट असोत. तावरेनं त्या वेळी एवढंच विचारलं, "छत किती उंच आहे?"

रविवारी सकाळी तो आला तो मांडववाल्या मेव्हण्याला आणि लोखंडी पाइपांचा भारा घेऊनच. भोक एकही नाही. दोन बाजूंना तिकाटणी, वरून आडवा पाइप, सगळं नट-बोल्टांनी आवळलेलं. रमणभाईनं साखळ्या जोडल्या. त्यातही मी मध्ये तोंड घातलं आणि मागच्या दोन साखळ्यांची अदलाबदल केली, पाट एका बाजूला कलला, मग मला सगळ्यांनी मिळून फुलं लावायच्या कामावर पाठवलं. ते काम मी बरं केलं, असं ऋतुजाची आई म्हणाली. ती स्वभावानंच प्रेमळ आहे.

दुपारपर्यंत हॉल बायकांनी भरला. सातारची मंडळी आली. पाइपांवर झेंडूच्या माळा चढल्या आणि ते लोखंड आहे हे सांगूनही खरं वाटेना. ऋतुजा हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी घालून बाहेर आली, आणि बाईंनी सकाळपासून प्रथमच चष्मा काढून पुसला. तावरे कोपऱ्यात उभा होता. बाईंनी त्याला हाताला धरून पुढे आणलं, खुर्चीवर बसवलं, पेढा दिला. मला दिला नाही. मी उभाच होतो. ती सवय तिथूनच लागली असावी.

ओटीचं ताट आलं. ऋतुजा पाटाकडे निघाली, तेवढ्यात तावरेनं हात वर केला.

"एक मिनिट, ताई. जोडणी नवीन आहे. पहिल्यांदा कुणीतरी वजन टाकून बघायला पाहिजे."

सगळे थबकले. शिरीष पुढे झाला, त्याला बायकोनं मागं ओढलं. रमणभाई छताकडे बघू लागला.

गुप्ते बाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या :

"ह्याला बसवा. पडला तर यादीत नव्हता म्हणू."